जंतूच्या तोंडात अडकलेलं बोट

दोन हजार सोळा साल, दुष्काळाचं. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझ्या उजव्या पायाचा अंगठा राहणार की जाणार, असा वाद चालू होता. वाद डॉक्टरचा आणि माझा. अंगठ्याला कुणी विचारलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात पैठण रस्त्याच्या बाजूला चारा म्हणून काही उरलं नव्हतं. माझा बाप जिथं मेंढरं चारायचा तिथं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते, आणि शेळ्या आत शिरू नयेत म्हणून मालकांनी कडेनं बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. शेळ्यांचं काय बिघडणार? त्यांनी फांद्यांचा पाला खाल्ला. काटे तेवढे माझ्यासाठी ठेवले. एक चपलेतून आरपार गेला. मी उपटून काढला, वर चिमूटभर माती दाबली आणि चालू लागलो. आमच्यात तसंच करतात.

आठ दिवसांत अंगठा वांग्यासारखा झाला. छावणी भागातल्या दवाखान्याच्या डॉक्टरनं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोन दिवस खाल्ल्या, ठणका थांबला, बाकीच्या डब्यात टाकल्या.

या डब्याबद्दल सांगायला पाहिजे. पत्र्याचा डबा, त्यात घरातल्या सगळ्यांच्या उरलेल्या गोळ्या. आमच्या घरात कुणी अख्खं पाकीट संपवलं नाही, कारण मी संपवू दिलं नाही. बरं वाटल्यावर औषध खाणं म्हणजे पोट भरल्यावर पुन्हा ताटावर बसणं, असं मी सगळ्यांना ऐकवायचो. गल्लीत कुणाला ताप आला, दाढ ठणकली, की आधी माझ्या ओट्यावर येत. मी चौथी शिकलेला, इंग्रजी नावं कुठली वाचणार? रंगावरून द्यायचो. शेळ्यांनाही त्यातलंच. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

अंगठा पुन्हा फुगला. या वेळी डॉक्टरनं पू तपासायला पाठवला आणि रिपोर्ट बघून म्हणाला, "बाबा, तुमचे जंतू पहिल्या गोळीला जुमानत नाहीत."

"माझेच आहेत, जुमानतील कशाला?"

तो हसला नाही. दुसऱ्या, मोठ्या गोळ्या लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस. "मधेच सोडल्या तर पुढच्या खेपेला अंगठा इथं ठेवून जावं लागेल."

अंगठ्याशिवाय माणूस जगतो. पण चढाला पाय रेटतो तो अंगठाच. तो गेला तर शेळ्या विकायच्या आणि ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारी बघायच्या, एवढंच उरलं असतं.

तरीपण चौथ्या दिवशी सूज उतरली आणि पाचव्या दिवशी सकाळची गोळी मी घेतली नाही. समोरच्या भाभींच्या शेळीच्या खुरात पू झाला होता. भाभी मूळच्या सिल्लोडच्या, एवढी एकच शेळी. त्यांना चार गोळ्या देऊन आलो, बाकीच्या डब्यात.

दुपारी नात आली. थोरल्याची पोरगी, विद्यापीठात जंतूंचंच शिकायची. टँकर यायचा होता म्हणून तिनं हंडे रांगेला लावले आणि माझ्याजवळ बसली.

"आबा, सकाळची गोळी?"

"खाल्ली."

तिनं डबा उघडला.

"हे काय?"

"शिल्लक."

"शिल्लक गोळ्या ठेवायच्यात का अंगठा?"

मला वाटलं, आता ओरडेल. पण तिनं पिशवीतून एक रंगीत कागद काढला. "सोमवारी हे वर्गापुढं समजावून सांगायचंय. तुम्हाला समजलं तर कुणालाही समजेल."

हे मला लागलं. म्हणून कागद नीट बघितला. लाल आणि निळ्या फितींचा गुंता, ठिकठिकाणी पीळ पडलेला. कुणाच्या तरी टकळीवरून लोकर सुटावी तसा.

"लाल आहे ते जंतूचं हत्यार," ती म्हणाली. "जंतू ते आपल्या अंगातच बनवतो. औषध जवळ आलं की हे लाल त्याला धरून तोडतं. तुमची पहिली गोळी अशीच वाया गेली."

"एवढं बारीक कुणाला दिसलं?"

"त्याचे मिठासारखे खडे करतात आणि त्यातून क्ष-किरण सोडतात. त्यावरून आतला आकार काढतात."

"आणि निळं?"

"ते दुसऱ्या एका जंतूचं प्रथिन. बघा, यानं लालच्या तोंडात दोन बोटं घातलीत. बोटाचं टोक औषधासारखंच आहे. लालला वाटतं औषध आलं, धरतं. पण हे तुटत नाय, आणि सुटतही नाय."

मी कागद जवळ ओढला. मग म्हणालो, "हे आम्ही करायचो."

"काय करायचात?"

"मेंढीचं कोकरू मेलं, की त्याचं कातडं काढून आई नसलेल्या कोकराच्या पाठीवर बांधायचं. मेंढी वास घेते, आपलंच समजते, पाजते. सोंग घेऊन जवळ जायचं, तेच हे. फक्त आमचं कोकरू दूध पितं, तुझं निळं तोंडच अडवून बसतं."

पोरगी सरसावून बसली. मग पेन काढलं आणि वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी वहीत लिहिल्याची ती पहिलीच वेळ. मी जरा ताठ बसलो.

"हा निळावाला जंतू असतो कुठं?"

"मातीत."

"बघ! मी माती दाबली तर तुम्ही सगळे हसलात!"

"मातीत सापपण असतात आबा. म्हणून बिळात पाय घालता का?"

मी विषय बदलला. "मग माझ्या गोळीत हे निळं असंल."

"नाय. त्याचं औषध अजून झालं नाय. पण त्याच मातीतल्या जंतूकडून मिळालेलं दुसरं एक बारीक रसायन तुमच्या गोळीत आहे. तेपण लालचं तोंड बंद करतं, मग खरं औषध जंतूला गाठतं. आणि तुम्ही चार दिवसांतच थांबलात."

"म्हणजे लांडगा जिवंत असताना कुत्री घरी बोलावली."

"व्हय. आणि जो लांडगा वाचला, तो आता कुत्र्यांना ओळखतो." ती कागद गुंडाळायला लागली. "कुणाला दिल्या तर नाहीत ना त्यातल्या?"

"नाय," मी म्हणालो.

तिनं डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, आत्ता लगेच घ्या, पुढं एकही चुकवू नका. मी घेतली. तिला सांगितलं, "तुझं ऐकून नाय घेतली. मेंढीची आठवण झाली म्हणून घेतली."

"मेंढीला माझा नमस्कार सांगा," ती म्हणाली आणि हंडे भरायला गेली, कारण टँकर आला होता.

राहिल्या त्या चार गोळ्या. दुकानातून नव्या आणता आल्या असत्या, पण भाभींच्या शेळीला दोन दिवस मिळून चार गोळ्या म्हणजे मी केलं तेच, औषध अर्ध्यावर सोडणं. आणि दिलेली वस्तू मी जन्मात परत मागितली नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात भावाला दिलेलं घोंगडंसुद्धा नाही, त्यानं ते सासऱ्याला दिलं तरी.

अंगठा अजून आहे. ही ओळ लिहिताना हलवून बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लंगडत समोर गेलो. भाभी शेळीचं खूर कोमट पाण्यानं धूत होत्या.

"भाभी, त्या गोळ्या परत द्या."

"क्या मामू, दी हुई चीज वापस?" त्यांनी हात पुसले. "तबीयत तो ठीक है ना?"

"शेळीला दिली का एखादी?"

"कहाँ से देती? लई मोठ्या आहेत. गूळ शोधत होते."

"नका देऊ. हिला जनावरांच्या डॉक्टरला दाखवू."

"कल तक तो तुम्हीच डॉक्टर होते!"

"आज पेशंट आहे. पाणी द्या."

त्यांनी चारी गोळ्या आणून दिल्या, वर तांब्या दिला. त्यांच्या दारात उभा राहून, त्या तोंडाला पदर लावून हसत असताना, मी सकाळची गोळी गिळली. मग त्यांच्या शेळीच्या गळ्यात दोरी बांधली आणि टाच टेकत टेकत जनावरांच्या दवाखान्याकडं निघालो. पुढं शेळी लंगडत होती, मागं मी.