शंकासुराचे दोन गुडघे

माझे मोठे मेहुणे वजनकाटे दुरुस्त करतात. गोदामातला जमिनीवरचा काटा बिघडला, की वरचा लोखंडी पत्रा उचलायचा, गुडघ्यांवर बसायचं आणि खालचे दांडे तपासायचे, यात त्यांचा उभा जन्म गेला. काट्यावर त्यांचा विश्वास नाही, मालकावर नाही, आणि हमालावर तर नाहीच. घरात आम्ही त्यांना पाठीमागे शंकासुर म्हणतो. हे नाव कोणी पाडलं याबाबत त्यांचा संशय माझ्यावर आहे.

दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आणि खाली बसलं की उठवेना. मोठ्या गोदामाची वार्षिक तपासणी तीन-चार महिन्यांवर आली होती. ते काम गेलं तर मागोमाग बाकीचीही जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून माझ्या बायकोने, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्यांना हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोबत मी होतो.

शस्त्रक्रियेची घाई नाही, असं सांगून बाईंनी इंजेक्शनं समजावली. स्टिरॉइडने आराम लवकर पडतो, पण तो काही आठवड्यांचा, आणि ते वरचेवर घेऊ नये. जेलचं इंजेक्शन सांध्यात वंगणासारखं असतं; गुण आला तर सावकाश येतो, पण सगळ्यांना येतोच असं नाही. तिसरं आपल्याच रक्तापासून तयार करतात. ते महाग, आणि त्यावर डॉक्टरांचंच अजून एकमत नाही.

"म्हणजे माझंच रक्त मलाच विकणार," मेहुणे माझ्या कानात पुटपुटले. "आणि दाजी, वंगणाचं म्हणाल, तर गिऱ्हाइकाला वंगण सांगताना माझ्या मनात पुढेमागे नवा भाग विकायचं असतं."

"दादा, हळू बोल. बाईंना ऐकू जातंय," बायको म्हणाली.

"ऐकू दे की."

मग त्यांनी बाईंपुढे आपली अट ठेवली. एका गुडघ्यात स्टिरॉइड, दुसऱ्यात जेल. आणि कुठल्यात काय, ते त्यांना सांगायचं नाही. "नाव कळलं की मन पारड्यावर बोट ठेवतं," ते म्हणाले. बाई हसल्या. एवढ्याने औषधाची परीक्षा होत नाही, असं त्यांनी बजावलं. पण दोन्ही औषधं मेहुण्यांना चालण्यासारखी होती, म्हणून मान्य केलं. कुठल्या गुडघ्यात काय, हे फक्त माझ्या बायकोला सांगितलं.

झालं, तेव्हापासून तिच्यावर पाळत सुरू झाली. तिने विचारलं, "उजवा कसा आहे?" की हे म्हणायचे, "आधी उजव्याचं विचारलंस. म्हणजे भारी माल तिकडे आहे."

"अरे, तू उजवा पुढे टाकून आलास म्हणून विचारलं!"

"मग डाव्याचं का नाही विचारलंस?"

तिने गुडघ्यांबद्दल बोलणंच सोडलं. तर म्हणे, "गप्प आहे, म्हणजे काहीतरी बिनसलंय."

पहिल्याच आठवड्यात उजवा मोकळा झाला. मेहुणे खुशीत आले. उजवा जिंकला म्हणून ते उजव्यावर बसू लागले, उजव्यावर जोर देऊन उठू लागले, जिनासुद्धा उजव्याच्या भरवशावर चढू लागले. महिना-दीड महिना उलटला आणि उजवा ठणकायला लागला. डावा मात्र बरा वाटू लागला. मेहुणे मला घेऊन तावातावाने दवाखान्यात गेले. औषध पातळ होतं, नाहीतर बहिणीने आणि बाईंनी मिळून अदलाबदल केली, असा त्यांचा आरोप होता.

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "खाली बसून दाखवा बरं."

ते बसले. सगळा भार उजव्यावर, डावा नुसता टेकवलेला.

"उजव्यात स्टिरॉइड होतं, त्याचा असर आता ओसरत आलाय," बाई म्हणाल्या. "त्यात तुम्ही त्याला राबवलंत आणि डाव्याला सुट्टी दिलीत. डावा जेलने सुधारला की विश्रांतीने, हे आता तुम्हीही सांगू शकणार नाही आणि मीही."

मेहुण्यांनी बसल्या बसल्याच थोडा भार डाव्यावर सारला. एक पारडं हलकं केलं की दुसरं खाली जाणारच, ही काट्यातली पहिली गोष्ट. ती स्वतःच्या पायांना लागू आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाईंनी नवं इंजेक्शन दिलं नाही. मांड्यांना बळ येण्याचे व्यायाम दाखवले, थोडं वजन उतरवायला सांगितलं, आणि जमिनीवर गुडघे टेकणं बंद. घरी येताना मेहुणे अस्वस्थ.

"दाजी, व्यायाम फुकट सांगितला. यात बाईंचा काय फायदा?"

खूप शोधूनही फायदा सापडला नाही. शेवटी त्यांनी नाइलाजाने व्यायाम सुरू केला.

तपासणीच्या दिवशी मी मुद्दाम गोदामात गेलो. मेहुण्यांनी हमालांकडून काटा उचलवून भक्कम टेबलावर ठेवून घेतला होता आणि स्वतः स्टुलावर बसून खालचे दांडे बघत होते. गोदामवाले म्हणाले, "काका, इतकी वर्षं खाली बसून करायचात ते?"

"इतकी वर्षं कोणी टेबल दिलं नाही," मेहुणे म्हणाले, आणि मान वळवून त्यांना विचारलं, "का दिलं नाही?"