खराब शॉटसाठी हार्ड डिस्क

माझा धाकटा भाऊ लग्नांचं शूटिंग करतो. बोलण्यात पहिल्यापासून कंजूष. दहा प्रश्न विचारावेत तेव्हा एक 'हं' पदरात पडतो. त्याची कसर भावजय भरून काढायची. कॅमेऱ्याशेजारी लाइट धरून उभं राहणं हे तिचं काम. उन्हाळ्यात तिने ताप अंगावर काढला आणि ती गेली. हा रडला नाही. तिसऱ्या आठवड्यात लग्नाला कॅमेरा घेऊन हजर! मला त्याचा रागच आला होता.

त्याच्या कॉम्प्युटरची एसएसडी काठोकाठ भरली होती आणि रविवारी नवं लग्न होतं. एरवी गिऱ्हाइकाला फिल्म दिली, की तो उरलेलं सगळं पुसून टाकतो, खराब शॉट तर सगळ्यात आधी. या वर्षी त्याने काहीच पुसलं नव्हतं. शेवटी मीच त्याला दुसरी डिस्क घ्यायला ओढत दुकानात नेलं.

"दुसरीही एसएसडीच घ्या," दुकानदार म्हणाला. "फाइल पटकन उघडते."

"हार्ड डिस्क द्या," भाऊ म्हणाला.

"अरे, ती रखडते! ताटकळत बसशील," मी म्हटलं.

"उघडायचं नाहीये गं, ताई. नुसतं ठेवायचंय."

"मग हार्ड डिस्कच बरी, जागा भरपूर मिळेल," दुकानदार म्हणाला. "पण महत्त्वाचं असेल तर एकाच डिस्कच्या भरवशावर राहू नका."

"दोन द्या."

घरी येऊन त्याने दोन्ही जोडल्या आणि कॉपी सुरू केली. फोल्डरचं नाव 'खराब'. एवढं काय जपतोय हा, म्हणून मी न विचारताच एक शॉट उघडला. नवरा-नवरी हसत होती. एकदम उजेड छताकडे गेला आणि कॅमेऱ्यामागून भावजयीचा आवाज आला, "अहो, हात भरून आला माझा!" लगेच ह्याचा आवाज, "बोलू नकोस गं, रेकॉर्ड होतंय."

पुढच्या शॉटमध्ये ती बोलली नव्हती. त्याच्या पुढच्यातही नाही. नुसता उजेड मधूनमधून हलत होता.

"तिचा स्वतःचा एकही व्हिडिओ नाही?" मी विचारलं.

"तिला घेतलं असतं, तर लाइट कोणी धरला असता?"

मला रडू आवरेना. तो मात्र स्क्रीनवरची हिरवी पट्टी सरकताना बघत बसला होता. ती पूर्ण भरल्यावर त्याने दोन्ही डिस्क तपासल्या, मग एसएसडीवरचं फोल्डर पुसलं.

"झालं. रविवारचं लग्न मावेल आता."

"आणि लाइट?" मी डोळे पुसत विचारलं.

"स्टँड आणलाय."

बऱ्याच वेळाने, मी निघायला उठले तेव्हा तो म्हणाला, "हलत नाही तो."