नव्या काठीच्या पिशवीतला खवला

सुरुवात त्या खवल्यापासून झाली. नऊ फुटी नव्या काठीची कापडी पिशवी मी दारात झटकली आणि माझ्या चपलेजवळ नखाएवढं काहीतरी पडलं. चकचकीत, कडेला जरा पिवळट. मी एवढी दचकले की कोपर लागून काउंटरवरची दौत कलंडली.

कुणी म्हणेल, मासे धरायच्या काठ्या विकणाऱ्या दुकानात माशाचा खवला निघाला तर त्यात एवढं दचकायचं काय? तर आमच्या दुकानातली काठी विकली जाईपर्यंत पाणी बघत नाही. विलायतेहून येते, खोक्यातून निघते, पिशवीत घालून भिंतीला टांगली जाते. आणि दुकान आप्पामामांचं. मामा स्नानसंध्या करणारे, मासा त्यांनी कॅटलॉगमधल्या चित्रातच काय तो पाहिलेला.

"कागदाचा कपटा असेल," मामा लांबूनच म्हणाले.

मी तो कपटा पेनाच्या टोकानं काडेपेटीत भरून ठेवला.

या दुकानातल्या गमती मी पुण्याच्या मैत्रिणीला पत्रांतून कळवत असे. शेवटी तिनं लिहिलं, "बाई गं, हे सगळं एकदा ओळीनं लिहून काढ, नाहीतर डोक्यात बुरशी धरेल." लोणावळ्यात श्रावणात कशावरही बुरशी धरते, म्हणून लिहून काढते आहे.

*

मी बी.ए. झाले तेव्हा वडील म्हणाले, "वर्षभर मामाकडे राहा, त्याची इंग्रजी पत्रं लिही, पुढचं पुढे बघू." पुढचं म्हणजे स्थळं. पण मामांनी "मुलगी दुकानात उपयोगी पडते" असं कळवलं तर आणखी एक वर्ष मिळणार होतं. "उपयोगी पडत नाही" असं कळवलं तर दिवाळीनंतर बोहल्यावर. त्यामुळे मी पडेल ते शिकत होते.

शिकवायला मात्र कोणी नव्हतं. बंगलेवाल्यांना छत्र्या, हॅट, वेताच्या खुर्च्या विकता विकता मामांनी या काठ्या ठेवायला सुरुवात केली होती. फ्लाय-रॉड म्हणतात त्यांना. बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेली, बुचाच्या मुठीची बारीक, लवचीक काठी. गळाला गांडूळ नाही, पिसांची खोटी माशी. जाड दोरी हवेत मागे-पुढे खेळवून ती माशी पाण्यावर अलगद टाकायची. हे मी कॅटलॉगमध्ये वाचलं. मामांनी तेवढंही वाचलं नव्हतं.

मामा गिऱ्हाईक दारातून आत येतानाच त्याची उंची बघत. उंच असेल तर दहा फुटी, बेताचा असेल तर नऊ, म्हातारा असेल तर आठ.

"मामा, काठी उंचीवर ठरत नाही."

"मग कशावर ठरते?"

ते मलाही ठाऊक नव्हतं.

मामींना तर काठ्या डोळ्यांसमोर नकोत. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक उंबरा. काठी त्या उंबऱ्याच्या आत यायची नाही असा त्यांचा दंडक. मी दुकानातून आत गेले की आधी हातावर पाणी. "जीव घेण्याची हत्यारं ती," म्हणायच्या. "हात धू आणि मग दुधाकडे बघ."

*

पहिला संशय भिकाभाऊंवर. कुसगावचे शेतकरी. रोज सकाळी मागच्या दारानं दूध घालायला येत आणि मग पुढच्या दारानं दुकानात डोकावत. त्यांचा मासेमारीत हात धरणारा आसपास कोणी नव्हता असं सगळे म्हणत.

मी त्यांच्यापुढे ती नऊ फुटी काठी धरली. त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि नुसतं वाकून बघितलं.

"ताई, ही पान्यात जाऊन आलीया."

"कशावरून?"

"कड्या बघा की. दोरी घासलीया. अन् मुठीच्या बुचाचा रंग बघा, हात बसलाय तितं."

"तुम्हीच नेली होती का?"

ते एवढे दुखावले की दुधाची किटली खाली ठेवली. "म्या? माझ्याकडं स्वोताचा कळक हाय. बाप तोडून गेलाय रानातनं. ह्या पिसाच्या किड्यानं मासा फसवायचा, आन् तेबी सहा तुकडं डकवल्याल्या काठीनं? माझी म्हातारी मला घरात घ्यायची न्हाई."

"मग कोणी नेली असेल?"

"कुनाला ठावं," असं म्हणून भाऊंनी किटली उचलली. पण जाताना ते हसत होते, आणि निरपराध माणूस हसत कशाला जाईल?

*

दुसरा संशय दस्तूरकाकांवर. पारशी गृहस्थ, रेल्वेत इंजिन चालवून रिटायर झालेले. सकाळी नऊला येऊन दुकानातल्या खुर्चीवर बसत आणि भिंतीवरची एकेक काठी काढून हवेत हलवत. विकत कधीच घेत नसत. "आज हात दुखते," म्हणत. मासा त्यांना कुठे मिळाला हे त्यांनी कधी कुणाला खरं सांगितलेलं नव्हतं. इथल्या गळवाल्यांची ती रीतच. जागा विचारली की दुसरीच सांगायची. एकदा एका मुंबईच्या पाहुण्याला त्यांनी इतकी खाणाखुणांसकट जागा सांगितली की तो दिवसभर चालून तिकोण्याच्या पायथ्याशी पोचला, आणि तिथे पाणीच नव्हतं.

"खरं का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"खरं सांगितलं तर तो परत येईल ना, दीकरी!"

अशा माणसाच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा? मी काडेपेटी उघडून खवला त्यांच्यापुढे धरला आणि चेहरा न्याहाळत राहिले. त्यांनी चष्मा पुसला, खवला उजेडात धरला.

"खडस. मोठी. चार-पाच रतल असेल." मग हळूच, "कुठे मिळाली?"

"ते मी तुम्हाला विचारतेय."

"म्हणजे सांगणार नाही. शाब्बास! शिकली तू."

*

मग मी सापळा लावला. संध्याकाळी तिन्ही काठ्यांच्या पिशव्यांच्या नाड्यांना स्वतः गाठी मारल्या. होस्टेलात ट्रंकेला मारायचे तशा, दातांनी सोडवाव्या लागणाऱ्या.

सकाळी आठ फुटीची गाठ जागेवर. दहा फुटीची जागेवर. नऊ फुटीचीही गाठ होती, पण ती माझी नव्हती. नीटनेटकी, चापून बसलेली, आणि एका ओढीत सुटली.

दुकानाची कडी आतून तशीच. मामा देवघरात. मामी चातुर्मासाच्या नेमानं धरणापलीकडच्या देवळात दिवा लावून नुकत्या परतलेल्या. त्यांनी माझा चेहरा बघून कपाळाला हात लावला.

"ताप आहे का गं?"

"मामी, आपल्या घरात चोर येतो."

"काय नेलं?"

"नेतो आणि आणून ठेवतो."

"मग बरा आहे की," मामी म्हणाल्या आणि पोह्यांना फोडणी घालायला गेल्या.

*

खवला सापडायच्या आधीचा एक किस्सा सांगायला मला अजून जड जातं.

आषाढात दुकानाच्या भिंतींना पाणी सुटलं, पिशव्यांना कुबट वास यायला लागला. इथे पावसाळ्यात कपडे कसे वाळवतात ते तुम्हाला माहीत आहे. शेगडीत निखारे, त्यावर बांबूची मोठी पाटी पालथी, तिच्यावर लुगडी, धोतरं. मी तशीच शेगडी दुकानात आणली आणि तेव्हाची दहा फुटी काठी, जिच्या जागी पुढे दुसरी आली ती, दोन दुपारी पाटीवर छान शेकवली. ती सुद्धा फिरवून फिरवून, पापड भाजावा तशी. मामांनी कौतुक केलं.

तिसऱ्या दिवशी एक रिटायर न्यायाधीश ती घ्यायला आले. उंच होते. दारात उभे राहून त्यांनी काठी एकदाच झोकात फिरवली. फर्र असा आवाज झाला आणि त्यांच्या हातात खराटा राहिला. सहा पट्ट्या, सहा दिशांना.

मग खुर्चीवरून दस्तूरकाका म्हणाले, "साहेब, एक मागितली, सहा मिळाल्या."

न्यायाधीश खराटा काउंटरवर ठेवून निघून गेले. मी कॅटलॉग उघडला. पट्ट्या सरसानं चिकटवलेल्या असतात, उष्णतेपासून जपावे, असं बारीक अक्षरात होतं.

"सरस कशाचा करतात?" मामांनी विचारलं.

"जनावरांच्या खुरांचा. कातड्याचा."

मामा स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. इतकी वर्षं ते काठ्या पुसून झाल्यावर त्याच हातांनी उदबत्ती लावत होते. भर पावसात विहिरीवर जाऊन दोनदा आंघोळ करून आले, आणि डोकं पुसता पुसता म्हणाले, "कुसुम, पुढची काठी चुकली तर मी तुझ्या वडिलांना पत्र टाकतो."

*

पुढची काठी मागायला आले मिशनच्या दवाखान्यातले अमेरिकन डॉक्टर. बोलतात मराठी, पण छापील.

"बास या माशासाठी जशी काठी असते, तशी मला हवी आहे. आपण निवडावी."

"बास ना? आपल्या तळ्यात चिक्कार," मामा म्हणाले.

मी काउंटरखाली वाकून उगाच काहीतरी शोधायला लागले. बास अमेरिकेत असतो, इथे औषधालाही मिळायचा नाही.

"नाही, इथे तो नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "इथे खडस आहे. परंतु माझा हात बासवर तयार झालेला आहे. शनिवारी आठ वाजता मी येईन. तोवर आपण विचार करावा." आणि जाता जाता, "न्यायाधीशमहाशयांना दिलीत तशी मात्र नको."

म्हणजे गावभर झालं होतं.

कॅटलॉगमध्ये बासबद्दल पान भरून होतं. माशी मोठी आणि फुगीर, ती वाऱ्यात फेकायची, म्हणून काठीच्या बुडात जोर हवा. पण घाटमाथ्याच्या वाऱ्याबद्दल कॅटलॉगला काय ठाऊक?

मामा म्हणाले, "सहा फुटी माणूस आहे, दहाची दे."

दस्तूरकाका म्हणाले, "दहाची." पण ते खरं कधी सांगत नाहीत. मग आठ समजायची की आज चुकून खरं बोलले असं समजायचं? रात्रभर तेच डोक्यात.

शुक्रवारी सकाळी भिकाभाऊंना विचारलं, तर किटली खाली न ठेवताच ते म्हणाले, "मदली."

"नऊची? तुम्ही तर या काठ्यांना हात लावत नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"आसंच." भाऊंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकवार बघितलं. "गाय वाट बघतीया, ताई." आणि गेले. पावसात आणि इरल्याशिवाय. रोज पाठीवर असणारं पानांचं इरलं त्यांच्याजवळ नव्हतं. ते मला फार संशयास्पद वाटलं.

*

शनिवारी सहाला उठून दुकानात गेले. आठ फुटीची पिशवी भरलेली. दहा फुटीची भरलेली. नऊ फुटीची पिशवी खुंटीवर, रिकामी, नाडी लोंबकळत.

डॉक्टर आठला येणार. मामा देवघरात, त्यांना सांगावं तर काठी गेली म्हणून पत्र आजच टपालात पडेल. मामी देवळात. मी छत्री घेतली आणि चप्पल न घालताच निघाले. रूळ ओलांडले तेव्हा मालगाडी कुठूनशी शिट्टी मारत आली आणि मी छत्रीच टाकून दिली. धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. नेणारा काठी नेऊन करणार काय? पाण्यावरच जाणार. म्हणून मी धरणाच्या तळ्याची वाट धरली.

काठाशी पोचले. आधी आवाज आला. सूऽऽ, मग थोडं थांबून पुन्हा सूऽऽ. मग धुक्यात दोरी दिसली, डोक्यावरून मागे जाऊन सरळ होणारी आणि पुढे पाण्यावर अलगद उतरणारी. तिच्या दुसऱ्या टोकाला गुडघाभर पाण्यात एक इरलं उभं होतं.

भिकाभाऊ! मला रागच आला. बापाचा कळक म्हणे.

"भिकाभाऊ!" मी हाक मारली.

इरलं हललं नाही.

"भाऊ, ती दुकानाची काठी आहे. आठला गिऱ्हाईक येणार आहे."

दोरी एकदम ताठ झाली. नऊ फुटी काठी बुडापर्यंत वाकली, आता मोडते असं वाटलं, मोडली नाही. इरलं दोन पावलं मागे सरलं, एक हात पाण्याशी खेळत राहिला, सैल सोडत, पुन्हा ओढत. न्यायाधीश काय, दस्तूरकाका काय, असं कोणाला मी काठी हाताळताना पाहिलं नव्हतं.

माझ्या तोंडून आता रडवा आवाज निघाला. "अहो, कोण आहे तिथे? बोला ना! ती मोडली तर माझं लग्न लावून देतील!"

पाण्यात चांदीसारखं काहीतरी उलटलं. इरल्यानं वाकून ते हाताशी घेतलं. आणि मग, पाठ न वळवता, रोज सकाळी मला दुधाकडे बघायला सांगणारा आवाज आला.

"ओरडू नकोस. दहाची देऊ नकोस त्यांना, दुपारपर्यंत मनगट जाईल. आठची या वाऱ्यात माशी टाकू देत नाही. हीच दे, पुसून देते. पण जरा थांब, आधी हिला पाण्यात सोडते."