अकरा सदतीसची नोंद

माळ्यावरच्या खिडकीत हुस्नबानूने पुस्तकांच्या चळतीला टेकवून फोन उभा केला. घरात रेंज यायची ती तिथेच. म्हसळ्याहून समुद्राकडे उतरणाऱ्या त्या गावात अंगणवाडीची मदतनीस म्हणून ती अकरा वर्षं खिचडी शिजवत होती. नववीत सुटलेली शाळा तिने पस्तिशीनंतर पुन्हा धरली. दहावी-बारावी बाहेरून दिली आणि आता मुक्त विद्यापीठाची बालशिक्षण पदविका. पुस्तकं फोनवर, व्याख्यानंही फोनवर. एकेक व्याख्यान ती तीन-तीनदा ऐके. नवरा वासिफ कुवेतला, घरात ती आणि सासरे रशीद. आज शेवटचा पेपर होता, तोही फोनवरच.

फोनच्या कॅमेऱ्याची नजर तिच्यावर होती. दोन इशारे, आणि तिसऱ्या चुकीला पेपर बंद. वीज गेली तेव्हा पहिला इशारा आला : चेहरा दिसत नाही. ती खिडकीला आणखी भिडली. मग खाली भांडं आपटलं, तिची मान वळली, आणि दुसरा आला.

“अब्बा, काय पडलं?” तिने पडद्यावरची नजर न हलवता विचारलं.

उत्तर आलं, पण शब्द एकमेकांत अडकलेले, जड. रशीदना मधुमेह. रक्तातली साखर उतरली की त्यांची जीभ अशीच वळेनाशी व्हायची. सकाळी त्यांनी इन्सुलिन घेतलं होतं. नाश्ता केला का, हे पेपरच्या घाईत तिने विचारलंच नव्हतं.

बावीस प्रश्न उरले होते. पुढचा तिने वाचला, परत वाचला. एक अक्षर डोक्यात शिरेना. खालून आता आवाजही येत नव्हता. ती उठली आणि जिना उतरली.

रशीद भिंतीला टेकून बसले होते, घामाने सदरा ओला. तिने बोटाला सुई टोचून यंत्र लावलं. अठ्ठेचाळीस; सत्तरच्या खाली म्हणजे धोका. तिने त्यांना साखरेचं पाणी घोटाघोटाने पाजलं. पंधरा मिनिटांनी त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

“तुझा पेपर हाय ना?”

“झाला,” ती म्हणाली.

वर फोनवर दोनच शब्द होते : परीक्षा समाप्त. खाली वेळ, अकरा पस्तीस.

अभ्यासकेंद्रातल्या सुचिता मॅडमना तिने फोन लावला. “चोवीस तासांत मेल करा,” त्या म्हणाल्या. “पण पुरावा लागेल.”

“पुरावा कुठून आणू? घरात आम्ही दोघंच.”

रशीद ऐकत होते. आपल्यामुळे काय झालं, ते त्यांना आता उमगलं. मग त्यांनी साखरेचं यंत्र पुढे केलं. “यात वेळ ऱ्हाते. डॉक्टर बघतो नेहमी.”

तिने बटण दाबलं. अठ्ठेचाळीस, अकरा सदतीस. पेपर बंद पडला अकरा पस्तीसला. यंत्राचा फोटो काढून तिने जन्मातला पहिला मेल लिहिला. माफी मागितली नाही, घडलं ते क्रमाने मांडलं.

एकोणीस दिवस काहीच आलं नाही. ती खिचडी शिजवताना फोन ओट्यावर ठेवी. विसाव्या दिवशी मेलवर फेरपरीक्षेची तारीख आली.

परीक्षेच्या दिवशी रशीदना आधी नाश्ता देऊन तिने शेजारच्या जुनेराला त्यांच्यापाशी बसवलं. पेपर पुरा झाला. एकसष्ट गुण पडले, पदविका हाती आली. पावसाळ्यानंतर अंगणवाडीत मदतनिसाच्या वरची, सेविकेची जागा निघाली, तेव्हा तिने अर्ज भरला. मुलाखत अजून व्हायची आहे.