झिऱ्याचं नितळ पाणी

ये गं, अशी जवळ बस. आणि माठात हात बुडवून भरलास तो पेला आधी ओतून टाक. एवढी शिकलेली नात तू माझी, समोर टांगलेलं लांब दांड्याचं ओगराळं दिसत नाही? रागावत नाही, सांगते.

मी नऊएक वर्षांची असेन, चाळीसनंतरची सालं ती. आमचं गाव नगरच्या कर्जतकडं, सीना नदीच्या काठी. उन्हाळ्यात गावात हगवण सुरू झाली, तसा तालुक्याहून औषधवाला आला. मूठभर पूड टाकली आणि अख्खी विहीर जांभळट झाली. "असल्या पान्यात पीठ मळायचं व्हय?" म्हणत बाया नदीच्या वाळूत झिरे, पाझराचे खड्डे, खणायला गेल्या. मीही करवंटीनं वाळू उपसून आमचा झिरा केला. पाणी इतकं नितळ, की तळचे खडे मोजून घ्यावेत.

धाकट्या बहिणीला हगवण लागलेली. तिची फडकी मी तिथंच, झिऱ्यापासून चार हातांवर धुवायची. झिरा आपला तसाच नितळ. बहीण सावरली आणि आई पडली. डोळे खोल गेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची.

औषधवाला दारात आला. "पाणी कुठलं पिता?"

मी ऐटीत पेला पुढं केला. त्यानं तो उजेडात धरला.

"फडकी कुठं धुतेस?"

मी हळूच सांगितलं. त्यानं पेला अंगणात ओतला. मला बोल लावला नाही, आजीला एवढंच म्हणाला, "झिरा बुजवा. विहिरीचं पाणी उकळून प्या, हात राखेनं धुवा. आणि हिला कण्यांची पातळ पेज, मीठ घालून, पाजत राहा."

हगवणीत आजाऱ्याचं पाणी तोडायची, प्यायलाच न द्यायची रीत तेव्हा. आजी म्हणाली, "फुटक्या घागरीत पानी वतायचं व्हय?"

"फुटकी हाय म्हनून तर वतत ऱ्हायचं, आजी," तो तिच्याच बोलीत म्हणाला.

दोन दिवस मी पळी पळी पेज पाजली. दुसऱ्या सांजेला आई पुटपुटली, "लई खारट केलीस गं," आणि तिच्या कोरड्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या थेंबाकडं बघतच राहिले. अजून वाटतं, एवढ्या नितळ पाण्यात काय होतं, आणि खारट पेजेत काय होतं? दिसलं दोन्ही नाही.

पाणी उकळून निवत ठेवलंय, ते पी. आणि पुढच्या खेपेला लेकीला घेऊन ये. दिवाळीची वाट बघू नकोस, लवकर ये.