कौसाबाईचं मडकं

कौसाबाई तालुक्याच्या बाजारात दही विकायला बसली की आधी मडकं उपडं करून दाखवायची. दही जागचं हलायचं नाही. मग मडकं सरळ करत म्हणायची, "हललं तर नाव बदलीन." तिला जाऊन वर्ष झालं. तिच्याबद्दल लिहायचा मला हक्क आहे का, हे अजून ठरत नाही.

जाफराबादजवळच्या आमच्या गावात मी दूध संकलन केंद्र चालवतो. दुग्धशास्त्र शिकलोय, म्हणून लोक साहेब म्हणतात. कौसाबाई बौद्ध वस्तीतली, साठीची, दोन म्हशी राखून. सकाळी दुधातलं फॅट मोजताना माझ्या खांद्यावरून आकडा बघायची. "बराबर लिहा सायब, म्हैस घरी विचारती मला." तिचं दूध सगळ्या गावाच्या दुधात मिसळायचं, आमच्या घरच्या चहातही यायचं. त्याचं कुणाला काही नव्हतं. पण तिच्या मडक्यातलं दही तालुक्याच्या बाजारातच खपायचं. गावात, म्हणजे आमच्यासारख्या जमीनवाल्यांच्या घरांत, ते कुणी घेत नसे.

एकदा ग्रामपंचायतीत माझं भाषण होतं. दुधातली प्रथिनं म्हणजे लांब साखळ्या. विरजण लागलं की त्यातले जिवाणू त्या तोडतात, आणि त्या बारीक तुकड्यांना बायोअ‍ॅक्टिव्ह पेप्टाइड म्हणतात, असं मी सांगितलं. त्यातले काही तुकडे रक्तदाब किंचित उतरवायला मदत करू शकतात, एवढंच मला माहीत होतं. पण लोक कान देऊन ऐकत होते. मी 'किंचित' गाळलं. गोळीची जागा दही घेत नाही, हेही राहिलं.

मागून कौसाबाई म्हणाली, "म्हंजे माझं विरजण दवाई करून राह्यलं की." सगळे हसले, मीही.

दुसऱ्या दिवशी ती मडकं घेऊन केंद्रावर आली. "तुमच्या आईला बीपी हाय ना? मलाबी हाय. ह्ये त्यांच्यासाठी."

मी घरी नेलं. कुणाकडचं ते ऐकून आई म्हणाली, "बाहेरच ठेव." मी तिच्याशी वाद घातला नाही. गोठ्यामागे दही ओतलं, मडकं धुतलं आणि परत केलं. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत; मूठभर गहू, गुळाचा खडा, काहीतरी घालतात. मला तेही सुचलं नाही.

"आवडलं का आईला?"

"आवडलं."

मग दर गुरुवारी मडकं यायचं, आणि दर गुरुवारी मी ते गोठ्यामागे ओतायचो. दोनेक महिन्यांनी तिनं विचारलं, "बीपी काय म्हणतं त्यांचं?" मला तिचं तोंड बंद करायचं होतं. म्हणालो, "उतरलं. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली." आईची गोळी होती तेवढीच होती. कौसाबाई इतकी खूश झाली की मडकं तिथंच विसरून गेली.

पुढच्याच महिन्यात तिचं दूध यायचं थांबलं. चौथ्या दिवशी तिची मुलगी केंद्रावर आली. कौसाबाईची उजवी बाजू लकव्यानं गेली होती. जालन्याला दवाखान्यात ठेवलं होतं. "गोळ्या सोडल्या होत्या तिनं. म्हणायची, सायबाच्या आईला गुण आला, मंग मला का न्हाई येणार."

कौसाबाई घरी आल्यावर मी गेलो. बाजेशेजारी बसून सगळं सांगितलं: दही कुठं ओतलं, का ओतलं, गोळीचं खोटं. ती छताकडे बघत होती. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळत होते.

"मडकं रिकामं आल्तं तवाच मनात आल्तं," ती म्हणाली. "पर म्हटलं, दवाईच्या बाबतीत शिकलेला माणूस खोटं कशाला बोलंल."

मला माफी मागायची होती.

मुलीनं रीतीप्रमाणे माझ्यापुढे वाटीभर दही ठेवलं. आईच्याच विरजणाचं होतं. मी ते तिथं बसून सगळं खाल्लं. कौसाबाईनं मान वळवली आणि वाटी संपेपर्यंत बघत राहिली.

आवडलं का, हे तिनं विचारलं नाही.