आसरांनी नेलेली कळशी

आमच्या पाथर्डीकडच्या गावात उन्हाळ्यात टँकर आला की तो सरळ विहिरीत रिकामा करत. मग काठावरून दोर सुटत, बादल्या एकमेकींवर आपटत. त्याच विहिरीच्या कपारीत शेंदूर लावलेले सात दगड होते. साती आसरा, पाण्यातल्या बाया.

त्यांच्या गोष्टी सांगायची माझी आत्या. नवऱ्यानं टाकल्यावर ती आमच्याकडे आली, ती एक तांब्याची कळशी घेऊन. तिची म्हणावी अशी तेवढीच वस्तू.

"पूर्वी लगीन निघालं का आदल्या दिशी हिरीला सांगून यायचं. सकाळी काठावर आसरांनी भांडी मांडलेली. मंग एका बाईनं पळी ठिवून घेतली. तवापास्नं बंद."

"कुनाच्या घरची गं ती बाई?" मी विचारायची.

"तुझ्या आईकडची असंल," आत्या म्हणायची, आईला ऐकू जाईल अशा बेतानं.

मी काठावरून वाकून बघायची. पाण्यावर आभाळ दिसायचं, आणि त्याखाली कुणीतरी सगळं लक्षात ठेवून बसलेलं.

एकदा टँकरच्या गर्दीत मी आत्याची कळशी न विचारता नेली. घाईत दोराची गाठ नीट बसली नाही. कळशी बुडाली, वर चार बुडबुडे आले, कुणाचं लक्षही गेलं नाही. घरी आले ती मुकी होऊन.

"कळशी दिली असंल हिनं धाकट्या भावाच्या घरी," आई म्हणाली. "ऱ्हाती हितं आन् घर भरती तिकडचं. आपल्या घरातलंबी काय काय गेलं असंल."

"आसरांनी नेली," आत्या एवढंच बोलली. आईनं कपाळाला हात लावला. पुढच्याच आठवड्यात आत्या शिर्डीला गेली, फुलांच्या दुकानात हार ओवायला. परत राहायला आली नाही. मी तेव्हाही गप्प.

स्वप्नात मात्र ती कळशी काठावर यायची. ओली, भरलेली. उचलायला गेले की हलायची नाही. गोष्टी रचणाऱ्यांना हे ठाऊक असणार. जे बोलून दाखवता येत नाही ते माणूस आत कुठंतरी सोडून देतं, आणि गोष्टीत त्या जागेला विहीर म्हणतं.

यंदा यारीचं यंत्र लावून विहिरीचा गाळ उपसला. चिखलातून कळशी निघाली, पोचे पडलेली, हिरवी. मी ती उचलली आणि शिर्डीची एसटी धरली.

आत्या आता पार वाकली आहे, पण सुई सुटलेली नाही. कळशी बघून तिनं हात जोडले.

"दिली का गं बायांनी परत!"

"बायांनी न्हाई नेली, आत्या. माझ्या हातनं पडली हुती."

मला वाटलं होतं, मनातून तिला माहीत असेल. नव्हतं.

"म्हंजे येवढी वर्सं मी दर अवसंला बायांना दहीभात ठिवला, त्यो?"

मी कळशी तिच्यापुढं ठेवली.

"कुत्र्यानं खाल्ला असंल," ती म्हणाली, आणि हसता हसता थांबली. "आईला सांगितलंस?"

"न्हाई."

"मंग आधी माझ्याकडं कशाला आलीस? मला आसरा तरी हुत्या. तिच्या मनात मी चोरटी हाय. जा, सांग तिला. ही घिऊन जा."

नगरला गाडी बदलली. कळशी मांडीवरच होती. आई ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती.

"ही कुठं घावली?"

मी तिच्या हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि समोर बसले.